निवास, रहिवासी आणि अधिवास

हे तीन शब्द राहण्याशी निगडित असले, तरी एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

१. निवास : प्रत्यक्ष राहणे किंवा राहण्याची जागा. बदली झाली की निवास बदलतो.

२. रहिवासी : हे व्यक्तिवाचक नाम होय. सामान्यरूपात ‘स’चा ‘श’ होतो : रहिवासी – रहिवाशांना. मूळ रूप ‘रहिवाशी’ असे लिहू नये.

३. अधिवास : ही कायद्याची संज्ञा आहे. वास्तव्यास कायम राहण्याच्या हेतूची जोड मिळाली की अधिवास सिद्ध होतो. संविधानाच्या अनुच्छेद ५ मध्ये नागरिकत्वासाठी याच संकल्पनेचा आधार घेतला आहे. निवास अनेक असू शकतात. अधिवास एका वेळी एकच.

‘तिचा अधिवास भारतात आहे’ हे योग्य. ‘ती भारताची अधिवास आहे’ हे अयोग्य.

अर्ज भरताना हा भेद ध्यानी ठेवावा. विजेचे देयक निवासाचा पुरावा ठरेल. मात्र जेथे अधिवास प्रमाणपत्र मागितले आहे, तेथे केवळ देयक जोडल्यास अर्ज अपूर्ण राहील.

स्वाध्याय : नोकरीनिमित्त दुबईत राहणाऱ्या, पण साताऱ्यास परतण्याचा निश्चय असलेल्या व्यक्तीचा निवास व अधिवास कोठे, हे सकारण लिहा.