सात दशकांची स्वरसाधना : गायक टोनी बेनेट यांची कारकीर्द

सुताराची पटाशी बोथट झाली तर तिला धार लावता येते, सतारीची तार तुटली तर नवी चढविता येते. गायकाला मात्र जन्मभर एकाच गळ्यावर निर्वाह करावा लागतो. त्यात लोकप्रिय संगीताचे क्षेत्र असेल तर अडचण दुहेरी होते. वयाबरोबर गळा थकतो आणि पिढीबरोबर श्रोत्यांची आवड पालटते. अशा क्षेत्रात अमेरिकन गायक टोनी बेनेट यांनी १९५० पासून २०२१ पर्यंत ध्वनिमुद्रिका दिल्या. १९५१ साली त्यांचे गीत तेथील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचले आणि २०१४ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांची गीतमालिका पुन्हा त्याच स्थानी आली. २१ जुलै २०२३ रोजी, ९६ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

अशी कारकीर्द पाहिली की ‘ही देवाची देणगी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. देणगी होतीच, परंतु ती टिकली कशी, हा प्रश्न शिल्लक राहतो. या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सार्वजनिक खर्चातून मिळालेल्या शिक्षणात आणि गीतांच्या निवडीविषयी त्यांनी धरलेल्या आग्रहात सापडते. शिक्षण व संस्कृती यांविषयीचे निर्णय ज्यांच्या हाती असतात, त्यांनी म्हणूनच या चरित्राकडे थोडे बारकाईने पाहावे.

गायनप्रकाराची ओळख

बेनेट यांच्या गायनाला ‘ट्रॅडिशनल पॉप’, म्हणजे पारंपरिक सुगम गायन, असे म्हणतात. १९२० ते १९५० या काळात अमेरिकेतील संगीत नाटके व बोलपट यांसाठी जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, अर्व्हिंग बर्लिन, रिचर्ड रॉजर्स इत्यादी रचनाकारांनी जी गीते बांधली, ती या प्रकाराची मुख्य सामग्री होय. यांतील बरीचशी गीते ३२ मात्राखंडांची असतात. आठ-आठ खंडांचे चार भाग, त्यांपैकी तिसऱ्या भागाची चाल वेगळी, आणि चौथ्या भागात पहिल्या चालीकडे परत येणे, अशी त्यांची घडण असते. गीताचा अर्थ स्पष्ट उच्चारातून पोहोचवणे हे गायकाचे मुख्य काम. आपल्याकडील भावगीताच्या श्रोत्याला हा धर्म सहज ओळखता येईल.

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण व ध्वनिक्षेपक आले आणि या गायनाचे स्वरूप पालटले. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. कानाशी बोलावे तसे हळुवार गाणे शक्य झाले. बिंग क्रॉस्बी आणि त्यानंतर फ्रँक सिनात्रा हे या शैलीचे अग्रणी. बेनेट त्यांच्या नंतरच्या पिढीचे.

किराणा दुकानदाराचा मुलगा

टोनी बेनेट यांचे मूळ नाव अँथनी डोमिनिक बेनेडेटो. त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात झाला. वडील इटलीच्या दक्षिणेकडील कॅलाब्रिया प्रांतातून आलेले किराणा दुकानदार. आई शिवणकाम करीत असे. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि संसाराचा भार आईच्या शिलाईवर आला. त्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, शहरातील ट्रायबरो पुलाच्या उद्घाटन समारंभात या मुलाने नगराध्यक्ष ला गार्डिया यांच्या शेजारी उभे राहून गाणे म्हटले होते.

पुढे औद्योगिक कला शिकवणाऱ्या एका सार्वजनिक शाळेत त्यांनी चित्रकला व संगीताचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. परंतु घरच्या गरजेपोटी सोळाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. गिऱ्हाइकांना जेवण वाढता वाढता गाणारा वाढपी म्हणून त्यांनी उपाहारगृहांत काम केले. येथवरची कहाणी गरीब घरातील अनेक गुणी मुलांच्या कहाणीहून वेगळी नाही. अशी बहुतेक मुले येथेच थांबतात.

सैनिकाला मिळालेले शिक्षण

१९४४ च्या अखेरीस त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. १९४५ च्या प्रारंभी ६३ व्या पायदळ विभागातून ते फ्रान्स व जर्मनीतील आघाडीवर लढले. दाखाऊ छळछावणीच्या एका उपछावणीची मुक्तता करणाऱ्या सैनिकांत त्यांचा समावेश होता. युद्ध संपल्यावर जर्मनीतच त्यांना एक कृष्णवर्णीय शाळासोबती भेटला. त्याला त्यांनी बरोबर जेवावयास नेले, एवढ्याच कारणावरून एका अधिकाऱ्याने त्यांचा हुद्दा काढून घेतला. अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा वर्णभेद रूढ होता.

१९४६ साली ते सैन्यातून मुक्त झाले. या वेळी एक कायदा त्यांच्या उपयोगी पडला. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सैनिक पुनर्वसन कायद्यावर स्वाक्षरी केली होती. लोक त्याला ‘जी. आय. बिल’ म्हणत. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क आणि त्याखेरीज निर्वाहभत्ता देण्याची त्यात तरतूद होती. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षणासाठी तिचा लाभ घेतला. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र हा लाभ प्रत्यक्षात बरोबरीने मिळाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कायद्याची भाषा समान असली तरी अंमलबजावणी स्थानिक हातांत असते आणि तेथे समाजाचे पूर्वग्रह आड येतात.

या कायद्याचा विशेष असा की शिक्षण म्हणजे अभियांत्रिकी वा हिशेबनिशीच, असा संकुचित अर्थ त्यात केलेला नव्हता. त्यामुळे शाळा अर्धवट सोडलेला हा तरुण न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन थिएटर विंग’ या संस्थेत गायन शिकू शकला. तेथे त्यांना ‘बेल कांतो’ या इटालियन पद्धतीची तालीम मिळाली. या शब्दांचा अर्थ ‘सुंदर गायन’. श्वासाला उदरपटलाचा आधार द्यावयाचा, स्वर सलग ठेवावयाचा, घशाच्या स्नायूंवर ताण येऊ द्यावयाचा नाही, ही तिची मुख्य सूत्रे. ओरडून गाणाऱ्याच्या स्वरतंतूंना इजा होते. श्वासावर तोललेला स्वर दीर्घकाळ टिकतो. बेनेट यांनी पुढे आयुष्यभर स्वरांच्या आरोह-अवरोहाचा रियाज चालू ठेवला. रियाज एक दिवस चुकला तर स्वतःला कळते, दोन दिवस चुकला तर साथीदारांना कळते आणि तीन दिवस चुकला तर श्रोत्यांना कळते, अशी जुनी शिकवण ते सांगत असत.

दुसरी शिकवण मिरियम स्पायर या गायनशिक्षिकेची. इतर गायकांचे अनुकरण करू नकोस, वादकांचे कर, असे त्यांनी सांगितले. गायकाची नक्कल केली तर माणूस त्याची छाया होऊन राहतो. वादकाकडून घेतलेले वळण गळ्यात उतरताना आपोआप आपले होते. आर्ट टेटम या पियानोवादकाच्या वादनातील लय आणि विराम बेनेट यांनी अशा रीतीने आत्मसात केले.

यश आणि त्याची किंमत

१९४९ मध्ये गायिका पर्ल बेली यांनी आपल्या कार्यक्रमात त्यांना संधी दिली. तेथे विनोदी नट बॉब होप यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि ‘टोनी बेनेट’ हे सुटसुटीत नाव त्यांना दिले. १९५० साली कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार झाला आणि १९५१ पासून यश येऊ लागले. त्या वर्षी अग्रस्थानी पोहोचलेल्या त्यांच्या गीतांत हँक विल्यम्स यांचे एक ग्रामीण ढंगाचे गीत होते. ते गाण्यास बेनेट प्रथम नाखूश होते. निर्माते मिच मिलर यांनी आग्रह धरला. निवडीचा आग्रह धरणाऱ्या कलावंताचाही अंदाज कधी चुकतो, याचे हे उदाहरण होय.

१९६२ सालचे ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ हे त्यांचे सर्वाधिक ओळखले जाणारे गीत. ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूस, म्हणजे दुय्यम स्थानी, दिलेले होते. श्रोत्यांनीच ते उचलून धरले. या गीताने त्यांना पहिले ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिले.

सैन्यातील त्या अपमानाचा त्यांना विसर पडलेला नव्हता. मार्च १९६५ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते मॉन्टगोमेरी ही मतदान हक्काची पदयात्रा निघाली. गायक हॅरी बेलाफॉन्टे यांच्या निमंत्रणावरून बेनेट तिच्यात सहभागी झाले व यात्रेकरूंसमोर गायले. त्यांना विमानतळावर पोहोचविणाऱ्या व्हायोला लिउझो या कार्यकर्तीची त्यानंतर वर्णद्वेष्ट्यांनी गोळ्या घालून हत्या केली.

पडता काळ

१९६४ नंतर बीटल्स आणि रॉक संगीताची लाट आली. तरुण ग्राहक तिकडे वळला. कंपनीने बेनेट यांच्यावर चालू काळातील लोकप्रिय गीते गाण्याचा दबाव आणला आणि १९७० मध्ये त्यांनी मनाविरुद्ध तशी एक गीतमालिका प्रसिद्ध केली. ती ना जुन्या श्रोत्यांना रुचली, ना नव्यांना. लवकरच त्यांनी कंपनी सोडली. स्वतःची छोटी कंपनी काढून त्यांनी पियानोवादक बिल इव्हान्स यांच्यासह केलेले काम आज जाणकारांत मानाचे समजले जाते. परंतु ती कंपनी चालली नाही. कर थकला, कर्ज वाढले, संसार विस्कटला आणि अमली पदार्थांची सवय लागली. १९७९ साली त्यामुळे प्राणावर बेतले.

अशा वेळी त्यांनी आपल्या मुलांना हाक मारली. थोरला मुलगा डॅनी याने हिशेब हाती घेतला आणि कारभाराची घडी बसवली. त्याचा विचार साधा होता. वडिलांचे गाणे, वेश व साथसंगत यांत काहीही बदल करावयाचा नाही. तेच गाणे नव्या श्रोत्यांपुढे न्यावयाचे. १९८६ मध्ये बेनेट कोलंबिया कंपनीत परतले. महाविद्यालयीन तरुण पाहत असलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ते जुनीच गीते गाऊ लागले. १९९४ मध्ये एम.टी.व्ही. या तरुणांच्या वाहिनीवर त्यांनी केलेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्कृष्ट गीतमालिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते. नातवंडे शोभावीत अशा वयाच्या श्रोत्यांना ही गीते जुनी वाटली नाहीत, कारण त्यांनी ती पूर्वी ऐकलेलीच नव्हती. आपल्या तरुणांना पारंपरिक कला आवडत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी, ती त्यांच्यापुढे कधी ठेवली गेली का, हे तपासून पाहावे.

ऋणाची परतफेड

१९९९ मध्ये बेनेट व त्यांच्या सहचारिणी सुसान यांनी सार्वजनिक शाळांतील कलाशिक्षणास साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. २००१ मध्ये क्वीन्समध्येच, त्यांच्या जन्मभागात, कलांना वाहिलेले एक सार्वजनिक माध्यमिक विद्यालय त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. या विद्यालयाला त्यांनी स्वतःचे नाव न देता मित्र फ्रँक सिनात्रा यांचे नाव दिले. ही धनिकांची खाजगी अकादमी नव्हे. ती शहराच्या शिक्षण व्यवस्थेतील शाळा आहे. शासनाने एका सैनिकावर केलेला खर्च अर्धशतकानंतर शेकडो मुलांच्या शिक्षणाच्या रूपाने परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. चित्रकलेची गोडीही त्यांनी सोडली नाही. मूळ आडनावाने काढलेली त्यांची चित्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

स्मृती आणि स्वर

२०१६ मध्ये त्यांना अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा विकार झाल्याचे निदान झाले. कुटुंबाने ते फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले. मधल्या काळात त्यांचे दौरे चालूच होते. २०२० च्या साथीमुळे ते थांबले, तेव्हा घरी पियानोवादकाच्या साथीने आठवड्यातून दोनदा रियाज होत असे. गाणे त्यांच्या मेंदूला चालना देते, असे त्यांच्या चिकित्सकांचे मत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये, पंचाण्णवाव्या वाढदिवशी व त्यानंतर एकदा, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात ते गायिका लेडी गागा यांच्यासह अखेरचे गायले. रोजच्या व्यवहारातील गोष्टी विसरणारा हा वृद्ध वादकांनी आरंभ करताच शब्द न चुकता गाऊ लागला. दीर्घ सरावाने अंगी मुरलेले संगीत या विकारात इतर स्मृतींपेक्षा पुष्कळदा अधिक काळ टिकते, असा वैद्यकीय अनुभव आहे. वृद्धांच्या सेवेत असलेल्यांनी तो ध्यानात ठेवावा.

संगीताचा तास वेळापत्रकातून वगळताना किंवा कलाशिक्षणाची मागणी बाजूस सारताना त्या तासाचे मोल वर्षाअखेरच्या निकालपत्रात दिसत नाही. १९४६ साली अमेरिकेच्या हिशेबतपासनिसालाही ते दिसले नसते. शाळा सोडलेल्या, वडील नसलेल्या एका तरुणाच्या गायनशुल्काची ती एक नोंद होती. ती मंजूर झाली, म्हणून पुढची सत्तर वर्षे लोकांना ते गाणे ऐकावयास मिळाले.