अभ्यासपाठ : हन्नेचे हलणारे ओठ

शास्त्रवाचन : १ शमुवेल १:९-१८

शिलो येथे हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाने ते पाहिले आणि तिला मद्य प्यायलेली ठरवले. त्याने पाहिले ते खरे होते. काढलेला अर्थ चुकीचा होता.

पांढरकवडा भागातील कोलाम पोडांवर काम करताना हा उतारा मला वारंवार आठवतो. एखादी बहीण बचत गटाची तारीख विसरते, चुलीवर भात ठेवून अंगण झाडायला लागते, फॉर्म अर्धवट सोडते. घरचे म्हणतात, "धांदरट आहे." बाहेरचे म्हणतात, "हे लोक असेच." दुसरा शेरा अधिक घातक. तिची अडचण सगळ्या जमातीच्या माथी मारली, की तिला डॉक्टरांकडे न्यावे हे कोणाच्या मनातच येत नाही.

लक्ष टिकवण्याच्या या अडचणीला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. ती मेंदूच्या वाढीशी निगडित आहे. आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. लक्षणे १२ वर्षांच्या आतच सुरू होतात आणि घरी, शाळेत, कामावर अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसतात. मुलींमध्ये पुष्कळदा दंगा कमी, हरवलेपण जास्त. म्हणून त्या नजरेतून सुटतात.

तरी घाईने शिक्का मारू नये. घरी कोलामी बोलणारी मुलगी वर्गात मराठीमुळेही गप्प राहते. रक्तक्षय, कमी ऐकू येणे, अपुरी झोप यांमुळेही लक्ष उडते. निदान डॉक्टरांनीच करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची यासाठी तपासणी होते. मोठ्यांना टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. औषध आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो.

मंडळीही हातभार लावू शकते. एका वेळी एकच काम सांगावे. बैठकीच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करून द्यावी. दवाखान्यात कोलामी जाणणारी सोबतीण न्यावी.

हन्ना बोलली तेव्हा एलीने ऐकले, आपला शब्द मागे घेतला आणि तिला शांतीने पाठवले. शमुवेल अजून जन्मलाही नव्हता, तरी तिचा चेहरा त्याच दिवशी खुलला.

मननासाठी :
१. आपल्या मंडळीत कोणाला न विचारताच नाव ठेवले गेले आहे?
२. या आठवड्यात तिच्याजवळ बसून कोण ऐकेल?