अँड्रॉसचा उथळ समुद्र : पाहुण्याची पूर्वतयारी आणि गावाची पुंजी

फ्लोरिडाच्या आग्नेयेस अटलांटिक महासागरात पसरलेल्या बहामा द्वीपसमूहात अँड्रॉस हे सर्वांत मोठे बेट आहे. सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे अधिक, एवढे त्याचे क्षेत्र आहे. लोकसंख्या मात्र दहा हजारांच्या आत. पूर्व किनाऱ्यालगत प्रवाळाची लांबलचक भिंत आणि तिच्यापलीकडे एकदम खोल गेलेला समुद्र, तर पश्चिमेस कोसच्या कोस गुडघाभर पाण्याची पांढुरकी पठारे, असे या बेटाचे दुहेरी रूप आहे. मधला भाग पाइनची झाडे, दलदल, कांदळवने आणि बेट आरपार चिरत जाणाऱ्या खाड्यांनी व्यापलेला आहे. शेतीस येथे फारसा वाव नाही. गावे पूर्व किनाऱ्यावर वसली असून त्यांचे जीवन पूर्वापार समुद्रावर अवलंबून आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे जीवन स्पंजच्या व्यापारावर उभे होते. समुद्रतळावरून स्पंज काढून, वाळवून ते विकण्याचा धंदा बहामात मोठा होता आणि अँड्रॉस त्याचे एक प्रमुख केंद्र होते. १९३८-३९ मध्ये स्पंजवर रोग पसरला आणि थोड्याच काळात हा धंदा बसला. एकाच संपत्तीवर उभी असलेली गावे ती संपत्ती गेल्यावर कशी उघडी पडतात याचा अनुभव या बेटाने एकदा घेतलेला आहे. त्याच उथळ पठारांवर आज दुसऱ्या एका संपत्तीने अनेक घरांची चूल पेटते. ही संपत्ती म्हणजे बोनफिश हा मासा.

बोनफिश हा चंदेरी, काटेरी मासा. स्थानिक लोक तो खातात, पण बाजारात त्याला जागा नाही. १९८६ च्या मत्स्यव्यवसाय विनियमांनी त्याची खरेदी-विक्री आणि जाळ्याने पकड या दोहोंस मनाई केलेली आहे. त्याचे मोल आहे ते गळाला लागल्यावर तो जी झुंज देतो त्यात. एक-दोन किलोंचा मासासुद्धा एका दमात शंभर मीटर दोरी ओढून नेतो. या झुंजीसाठी अमेरिका, कॅनडा व युरोप येथील हौशी लोक अँड्रॉसच्या लहान लहान लॉजमध्ये आठवडाभर राहावयास येतात, मासा धरतात आणि जिवंत सोडून देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक पाहणीनुसार उथळ पाण्यातील या मासेमारीपासून बहामास वर्षाकाठी सुमारे चौदा कोटी डॉलरचा लाभ होत असे. होडी चालवून मासा दाखविणारा मार्गदर्शक, लॉजमधील स्वयंपाकीण, विमानतळावरचा टॅक्सीवाला, खेकडे आणि शंख पुरविणारा कोळी अशा अनेकांकडे त्यातील वाटा जातो.

माशीचा गळ

या मासेमारीस फ्लाय फिशिंग म्हणतात. आपल्याकडे गळाला आमिष लावून, शिसे बांधून तो पाण्यात सोडतात. वजन शिशाचे असते आणि दोरी त्याच्यामागून जाते. येथे प्रकार उलटा आहे. आमिषाऐवजी पिसे, केस व धागे आकड्यावर बांधून केलेली कृत्रिम ‘माशी’ असते. तिला वजन जवळजवळ नसते, म्हणून वजन दोरीलाच द्यावे लागते. जाड, तरंगणारी दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवून तिच्या ओघाने माशी पुढे टाकावयाची, ही यातली मुख्य कला. नाव माशीचे असले तरी समुद्रात ती कोळंबीचे किंवा लहान खेकड्याचे रूप घेते. या पठारांवर सर्वांत नावाजलेली ‘क्रेझी चार्ली’ ही माशी १९७७ मध्ये अँड्रॉसवरच जन्मास आली. बॉब नॉहाइम या अमेरिकन पाहुण्याने ती बांधली आणि चार्ली स्मिथ या तेथील मार्गदर्शकाचे नाव तिला मिळाले.

साधनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण नवखा माणूस नेमका त्यांवरच नको तितका वेळ घालवितो. नऊ फुटी, आठ क्रमांकाची काठी. खाऱ्या पाण्यात न गंजणारे, चांगला अटकाव असलेले रीळ. त्यावर मुख्य दोरीमागे दीडशे ते दोनशे मीटर बारीक पण बळकट दोर. उष्ण हवामानासाठी केलेली तरंगती दोरी, कारण थंड प्रदेशाची दोरी येथील उन्हात मऊ पडून कड्यांना चिकटते. काठी मोडू शकते, म्हणून जोडीला दुसरी. बेटावर ही सामग्री सहजासहजी विकत मिळत नाही. रोज संध्याकाळी काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवावे लागते.

तीन महिने आधी, घरच्या अंगणात

खरी तयारी हाताची. नदीवर ट्राऊट धरण्यात मुरलेला माणूसही अँड्रॉसवर पहिल्या दिवशी हतबल होतो, याचे कारण वारा. झाडाझुडपांचा आडोसा नसलेल्या या पठारांवर वारा क्वचितच थांबतो आणि मासा सोयीच्या दिशेनेच येईल असे नाही. बारा ते अठरा मीटरवर, वाऱ्याविरुद्ध, एका ताटाएवढ्या जागेत माशी अलगद टाकता आली पाहिजे. तीही दोरी दोन-तीन वेळाच झुलवून, कारण चौथ्या झोक्यापर्यंत मासा निघून गेलेला असतो. यासाठी डाव्या हाताने दोरीला योग्य क्षणी दुहेरी हिसका देऊन तिचा वेग वाढविण्याची एक रीत आहे. ती पुस्तक वाचून येत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून रोज वीस मिनिटे गवतावर सराव करावा. सिमेंटवर केल्यास दोरी खराब होते. आकड्याचे टोक कापून तेथे लोकरीचा तुकडा बांधावा, ताटे निरनिराळ्या अंतरांवर मांडावीत. वारा सुटला म्हणजे घरात न बसता मुद्दाम बाहेर पडावे, आणि वारा उजव्या खांद्यावरून येत असेल असे उभे राहावे. दोरी अंगावर येते ती याच वेळी.

दुसरा सराव सवय मोडण्याचा आहे. नदीवर मासा लागताच काठी वर उचलतात. येथे तसे केले की माशी तोंडातून निघून जाते, कारण बोनफिश तळाशी तोंड लावून खातो. काठी खालीच ठेवून डाव्या हाताने दोरी लांबवर ओढावयाची, तेव्हाच आकडा रुततो. वर्षानुवर्षांची सवय एका आठवड्यात मोडत नाही, म्हणून तीही अंगणातच मोडावी लागते.

मासा दिसला पाहिजे

सपाट तळाच्या होडीच्या टोकावर पाहुणा उभा असतो आणि मागच्या उंच फळीवर मार्गदर्शक. तो लांब काठी तळाला रेटून आवाज न करता होडी पुढे नेतो. होडीचे टोक म्हणजे घड्याळातील बारा. मार्गदर्शक म्हणतो, “अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय.” पाहुण्याने काठी त्या दिशेला धरावयाची, मार्गदर्शक ती दुरुस्त करतो. चाळीस फूट म्हणजे किती, हेच ज्याला माहीत नाही त्याची धांदल उडते. पावलांनी अंतर मोजून डोळा बसविणे हा बिनखर्चाचा सराव आहे आणि बहुतेक जण तोच टाळतात.

बोनफिशचे अंग आरशासारखे असल्याने मासा दिसत नाही. दिसते ती तळावरची त्याची सावली, पाण्यावरील थरथर किंवा तळ उकरताना वर आलेले शेपटीचे टोक. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा नसेल तर एवढेही दिसत नाही. काच तांबूस असावी, टोपीच्या कडेची खालची बाजू गडद असावी. माशाची ये-जा भरतीवर चालते. पाणी चढू लागले की तो खोलातून पठारावर येतो, ओहोटीबरोबर परततो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी तिवरांच्या मुळांत दूरवर शिरते आणि मासाही तेथे शिरून हाती येत नाही. भांगाच्या दिवसांत तो उघड्यावर अधिक काळ राहतो. हे गणित कोकणातील कोणत्याही खाडीकाठच्या माणसास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हिवाळ्यातील पौर्णिमांच्या सुमारास मोठे थवे प्रजननासाठी पठार सोडून खोल समुद्राकडे जातात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. मार्च ते मे सामान्यतः उत्तम.

अंगभर बाह्यांचा सदरा, जाड तळाचे बूट, नेहमीची औषधे पुरेशी (मोठे रुग्णालय नॅसॉला, म्हणजे विमानाने गाठावे लागते), डासांवरचे मलम आणि थोडी रोकड एवढे जवळ असावे. बेटावर जाणारी विमाने लहान असल्याने सामानाच्या वजनाची मर्यादा आधी विचारून घ्यावी. २०१७ च्या नियमांनुसार परदेशी पाहुण्यास उथळ पाण्यातील मासेमारीचा परवानाही लागतो.

सोडलेला मासा जगतो का?

हा प्रश्न अँड्रॉसच्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सोडलेला प्रत्येक मासा जगतो, अशी पाहुण्याची समजूत असते. बहामातील एल्युथेरा बेटाजवळ केलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की, सोडल्यानंतर ज्या बोनफिशचा तोल गेला तो शार्क किंवा बॅराकुडा यांच्या तोंडी जाण्याचा संभव सहा पटींहून अधिक होता. तोल जातो तो फार वेळ झुंजविल्याने, हवेत धरून ठेवल्याने आणि कोरड्या हातांनी हाताळून अंगावरचा चिकट थर पुसून टाकल्याने. म्हणजे छायाचित्रासाठी मासा अर्धा मिनिट वर धरणारा पाहुणा, आपण मासा मारला हे न कळताच, समाधानाने पुढे जातो.

म्हणून ही तयारीही घरीच व्हावी. आकड्याचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा, म्हणजे तो क्षणात सुटतो. पुरेशी बळकट काठी घ्यावी, म्हणजे झुंज लांबत नाही. हात ओले करावेत, मलम लावलेले नसावेत. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढू नये. तो सरळ उभा राहून आपल्या बळावर पोहू लागेपर्यंत हाताखाली धरावा. आजूबाजूस शार्क फिरू लागले तर जागा सोडावी. अनुभवी मार्गदर्शक हे आपणहून सांगतो. पण आठवड्याचे पैसे मोजलेल्या पाहुण्यास टोकणे त्याला अवघड जाते, हेही खरे आहे. पाहुणा आधीच शिकून आला तर हा संकोच उरत नाही.

पाहुण्याइतकीच जबाबदारी शासनाची. अँड्रॉसच्या पश्चिम किनाऱ्यावर २००२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २०१२ मध्ये ते सुमारे पंधरा लाख एकरांपर्यंत वाढविण्यात आले. बेलीझने २००९ मध्ये बोनफिश, टारपन व परमिट हे तीन मासे धरल्यावर सोडलेच पाहिजेत असा कायदा केला. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगट पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितो. तेथे मासेमारीचा खेळ नाही, तथापि जिवंत तिवराचे मोल तोडलेल्या तिवराहून अधिक, हा हिशेब तोच आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळाने उत्तर अँड्रॉसमधील लो साउंड हे गाव उद्ध्वस्त केले. या गावात मार्गदर्शकांची अनेक घरे आहेत. घरे व होड्या पुन्हा उभ्या करता येतात. पठारावर मासा शिल्लक असेल तर पाहुणाही परत येतो. अशा बेटावर आठवडा संपल्यानंतर जाणते पाहुणे एक गोष्ट करतात. उरलेल्या माश्या, न वापरलेली दोरी, जास्तीचा चष्मा ते परत नेत नाहीत, मार्गदर्शकाकडे ठेवून जातात. दुकान दूर असते आणि पुढच्या सोमवारी त्याच होडीच्या टोकावर कोणीतरी नवखा, बहुधा तयारी न करता आलेला, उभा असतो.