तसबिरीची तार : नीट आणि पक्की

शाळेच्या सभागृहात शिरताच आपली नजर भिंतीवरच्या तसबिरींकडे जाते. छत्रपती शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, महात्मा फुले, सावित्रीबाई, डॉ. आंबेडकर, आणि हैदराबाद संस्थानात मराठी माणसाला शिक्षणाची वाट दाखवणारे केशवराव कोरटकर व वामनराव नाईक. जयंती-पुण्यतिथीला आपण त्यांना हार घालतो. पण तसबिरीची मागची बाजू सहसा कुणी पाहत नाही. काच, लाकूड आणि वर ओला हार, एवढा सगळा भार तिथल्या एका तारेवर असतो, आणि खाली बाकांवर तुम्ही बसलेले असता. म्हणून या वेळच्या पाठात त्या तारेविषयी.

तसबिरींचे शहर

‘तसबीर’ हा शब्द मराठीत फारसी-उर्दूच्या वाटेने आला. आबिड्सच्या रस्त्यावर ‘तस्वीर’ म्हटले तरी तोच अर्थ. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यामुळे या शहरात छायाचित्रांचा थाट वाढला. इकडे मराठी घरांत रविवर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रे चौकटीत बसून आली. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा वेगळा झाला, पण अनेक मराठी कुटुंबे हैदराबादेतच राहिली. त्यांच्या घरांतील आजी-आजोबांच्या तसबिरी म्हणजे त्या कुटुंबांचा इतिहासच आहे. काच फुटून असा फोटो फाटला, तर तो पुन्हा मिळत नाही.

जुन्या वाड्यांत तसबीर पुढे झुकलेली असे. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवायची आणि वरची बाजू दोरीने किंवा तारेने धरायची. खाली बैठकीवर बसलेल्यालाही चेहरा नीट दिसे, आणि मागच्या पोकळीत चिमण्या घरटे करीत. आता आपण तसबीर भिंतीला सरळ लावतो. त्यामुळे बहुतेक वेळा सगळा भार एकट्या तारेवर आणि एका हुकावर येतो.

ताठ तार मजबूत नसते

तार जितकी ताठ तितकी पक्की, असे पुष्कळांना वाटते. गणित मात्र उलटे सांगते.

एक तसबीर घेऊ : रुंदी ६० सें.मी., उंची ९० सें.मी. तीन मि.मी. जाडीची काच दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. म्हणजे नुसती काचच सुमारे ४ किलो झाली. लाकूड आणि मागचा पुठ्ठा धरून एकूण वजन ६ किलो मानू. मागच्या दोन कड्यांमधील अंतर ५४ सें.मी. आहे.

तारेच्या एका बाजूवरचा ताण असा काढतात : वजनाच्या निम्म्याला तारेच्या निम्म्या लांबीने गुणायचे आणि तारेचा मध्य कड्यांच्या रेषेपासून जितका वर उचलला जातो त्या उंचीने भागायचे.

पहिली रीत : तार ताठ, लांबी ५५ सें.मी. पायथागोरसच्या प्रमेयाने उंची येते सुमारे ५.२ सें.मी. म्हणून ताण ३ × २७.५ ÷ ५.२, म्हणजे जवळजवळ १६ किलो.

दुसरी रीत : तार थोडी सैल, लांबी ६२ सें.मी. उंची सुमारे १५.२ सें.मी. म्हणून ताण ३ × ३१ ÷ १५.२, म्हणजे ६ किलोच्या थोडा वर.

तसबीर तीच, तार फक्त ७ सें.मी. जास्त, आणि ताण निम्म्याहून कमी! शिवाय ताठ तार चौकटीच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांना आतल्या बाजूला ओढत राहते, आणि काही वर्षांनी कोपऱ्यांचे सांधे उघडतात.

साहित्य

अनेक बारीक तारांचा पीळ असलेली तार, दोन चपट्या कड्या (दुकानात डी-रिंग म्हणतात) व त्यांचे स्क्रू, मोजपट्टी, पेन्सिल, टोचा, पक्कड, चिकटपट्टी आणि रबराचे दोन छोटे तुकडे. सुतळी कुजते. बांधकामाची बाइंडिंग वायर मऊ असते व गंजते. या दोन्ही वापरू नयेत.

कृती

१. टेबलावर जाड चादर अंथरून तसबीर पालथी ठेवा. वरच्या कडेपासून उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० सें.मी.वर, दोन्ही उभ्या पट्ट्यांवर खुणा करा. दोन्ही खुणा अगदी सारख्या उंचीवर हव्यात.

२. टोच्याने लहान भोक पाडा, म्हणजे लाकूड चिरणार नाही. स्क्रूला साबण चोळला तर तो सहज फिरतो. स्क्रूची लांबी पट्टीच्या जाडीपेक्षा कमी असावी. कडी लाकडी पट्टीतच बसवा, मागच्या पुठ्ठ्यात कधीही नाही. कडीचे तोंड आत आणि किंचित वर, ताणाच्या दिशेने ठेवा.

३. सुमारे ९० सें.मी. तार कापा. एक टोक कडीतून दोनदा ओवा आणि घट्ट ओढा. मग उरलेले टोक मूळ तारेभोवती एकाला एक लागून सात-आठ वेढे देऊन गुंडाळा. साधी गाठ मारू नका, ती सरकते.

४. दुसरे टोक बांधण्यापूर्वी तारेचा मध्य बोटाने वर उचलून पाहा. तो वरच्या कडेच्या खालीच राहिला पाहिजे, नाहीतर हूक समोरून दिसेल. मग दुसरी कडीही तशीच बांधा.

५. टोके कापून त्यावर चिकटपट्टी लावा. ही टोके बोटात शिरतात, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे.

६. खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराचे तुकडे चिकटवा. त्यामुळे मागे हवा खेळते आणि पावसाळ्यातली ओल चित्राला लागत नाही.

७. गादीवर धरून, तारेच्या मध्याला हूक लावून तसबीर वीतभर उचला. वेढे सरकले नाहीत, तरच ती भिंतीवर न्या.

भिंतीत दोन हूक थोड्या अंतरावर एका पातळीत बसवले, तर तसबीर तिरकी होत नाही आणि भारही वाटला जातो. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीत नुसता खिळा ठोकला की गिलावा भुगा होऊन पडतो. तिथे भोक पाडून, प्लग घालून, स्क्रूच लावावा.

पालक आणि विश्वस्तांसाठी

ओल्या हाराचे पाणी चौकटीमागे झिरपते आणि तारेला गंज चढतो. हार शक्यतो वेगळ्या खिळ्यांवर अडकवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक तसबीर उतरवून तिची तार पाहावी, आणि तपासणीची तारीख मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहावी. गंजाचा डाग किंवा एकही सुटा धागा दिसला, तर तार बदलावी. खर्च थोडाच येतो आणि काम अर्ध्या तासाचे आहे.

करून पाहा

१. याच तसबिरीला ५८ सें.मी. तार लावली तर ताण किती येईल?

२. घरातील एका तसबिरीची मागची बाजू मोठ्यांच्या मदतीने पाहा. कड्या, तार आणि वेढे यांची नोंद करा. त्या तसबिरीत कोण आहे, हेही आजी-आजोबांना विचारून लिहा.