शिट्टी झाली की आच बारीक

पोरी, नवा संसार मांडते आहेस, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. यातल्या बऱ्याच मला सासूबाईंनी शिकवल्या, रेशनचं रॉकेल महिनाभर पुरवावं लागायचं तेव्हाच्या. त्या पाळल्यास तर पैसा वाचतो आणि धूर, कचरा, नासाडीही कमी होते.

आधी गॅस. आमटीची डाळ अर्धा तास तरी भिजू दे. छोले, राजमा, वाटाणे आदल्या रात्रीच भिजत घाल. एकट्या भातासाठी कुकर लावू नकोस. तळाच्या डब्यात डाळ, त्यावर भात, सगळ्यात वर बटाटे नाहीतर भोपळ्याच्या फोडी. पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी, मग लगेच बारीक. वाफ पुरती कोंडली की आतलं पाणी साधारण १२० अंशांवर असतं. त्यापुढे आच कितीही वाढवलीस तरी ते जास्त तापत नाही, जादा वाफ शिट्टीवाटे निघून जाते. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नकोस. कुकर उतरेपर्यंत आतलं अन्न शिजतच असतं. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागली की रिंग बदल, तिथे कंजुषी नको.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली आणि पातेल्यांची बुडं काळी पडू लागली, की बर्नरची भोकं चोंदली समज. गार झाल्यावर बर्नर काढून घास आणि सुईने भोकं मोकळी कर. दूध, कणीक फ्रीजमधून थोडी आधीच बाहेर काढून ठेव.

डाळ-तांदळाचं धुवण कुंड्यांना घाल, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला. पाण्याच्या फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र झाडांना नको, त्यात क्षार फार. ते बादलीत धरून फरशी पुसायला घे.

विजेचं बिल नुसतं भरू नकोस, वाच. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना सगळ्यात कमी, पुढच्या युनिटांना बराच चढा. म्हणून १०० च्या वर जाणाऱ्या घराने वाचवलेलं एकेक युनिट महागातलं असतं. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आत. दहा तासांत पाऊण युनिटाच्या जागी पाव युनिटाहून थोडं जास्त. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. ज्याखाली रात्रभर झोपता तो आधी बदल.

सिलिंडर लावल्याची तारीख आणि दर महिन्याचे युनिट कालनिर्णयवर लिहीत जा. दिवाळीला येशील तेव्हा ती पानं घेऊन ये, आपण दोघी बसून बघू.