सौर पॅनेल व धुण्याचे पाणी : एक प्रयोगपाठ

आपल्या अनेक शाळांच्या छपरांवर आता सौर पॅनेले आली आहेत. त्यांवरील धूळ बहुधा कूपनलिकेच्या पाण्याने धुतली जाते आणि वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उरतात. एका शाळेत ते डाग मी तारेच्या घासणीने काढविले. डाग गेले, ओरखडे मात्र कायमचे राहिले.

या डागांचाच पाठ करावा. काचेच्या दोन स्वच्छ बशांत चमचा-चमचा पाणी, एकीत कूपनलिकेचे व दुसरीत बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी, घेऊन उन्हात ठेवावे. पहिलीत पांढरा थर उरेल. दुसरीत काही दिसणार नाही. पाण्याची वाफ होते, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

विकतचे शुद्ध पाणी शाळेस परवडणार नाही. पहिल्या सरींनंतरचे पावसाचे पाणी गाळून, झाकून साठवावे. त्यात क्षार फारच अल्प असतात. धुणे पहाटेच, मऊ फडक्याने करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याचा संभव असतो. मुलांना छपरावर चढवू नये. मुख्य बटण बंद असले तरी प्रकाश आहे तोवर पॅनेलमध्ये वीज असतेच.