चाचणीची कसोटी : सॉफ्टवेअर परीक्षण शिकविणाऱ्या खेळाची उभारणी

दिनांक ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथील तळावरून 'एरियान-५' या युरोपीय अग्निबाणाने पहिले उड्डाण केले. अवघ्या चाळीस सेकंदांच्या सुमारास तो मार्ग सोडून भरकटला आणि त्यावरील चार उपग्रहांसह नष्ट झाला. चौकशीअंती असे आढळून आले की, आधीच्या 'एरियान-४' साठी लिहिलेल्या संगणक-आज्ञावलीचा एक भाग नव्या अग्निबाणात तसाच वापरण्यात आला होता. नव्या उड्डाणात एका संख्येचे मूल्य अपेक्षेपेक्षा मोठे झाले, तिला ठरवून दिलेल्या १६ बिटांच्या जागेत ती मावली नाही व दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. चाचण्या घेतल्याच गेल्या नव्हत्या असे नव्हे; परंतु नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घेऊन या यंत्रणेची चाचणी झाली नव्हती. चाचणी घेणे आणि योग्य चाचणी घेणे यांत किती अंतर असते, याचा हा बोलका दाखला होय.

आज निवृत्तिवेतनापासून प्रवासभाड्यापर्यंतचे व्यवहार संगणकावर होतात. आज्ञावलीतील एका चिन्हाची चूकही एखाद्या पात्र नागरिकाला त्याच्या हक्कापासून वंचित ठेवू शकते. म्हणूनच चाचणीची विद्या नीट शिकविणे अगत्याचे आहे. हे शिक्षण रंजक करणाऱ्या 'कोड डिफेंडर्स' या खेळाचा आणि त्याच्या उभारणीचा परिचय येथे करून देण्याचा हेतू आहे.

मूळ कल्पना

चाचणी चांगली की वाईट, हे कसे ओळखावे? १९७१ साली रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थिदशेत यावर एक उपाय सुचविला. डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या १९७८ मधील निबंधाने तो सर्वत्र पोहोचविला. आज्ञावलीत मुद्दाम एखादी बारीक चूक करावी आणि आपल्या चाचण्यांना ती सापडते का, ते पाहावे. अशा सदोष प्रतीस 'म्यूटंट' म्हणतात. चूक सापडली तर चाचणी कामाची. न सापडल्यास ती अपुरी समजावी.

एका परिचित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांतून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठ नागरिकांना विनामूल्य प्रवासाची सवलत ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. तिकिटाच्या आज्ञावलीत 'वय ७५ किंवा त्याहून अधिक' अशी अट आहे असे समजू. आता कोणी ती बदलून 'वय ७५ हून अधिक' अशी केली. चाचणीत ४० आणि ८० ही दोनच वये घेतली, तर दोन्ही आज्ञावल्या सारखेच उत्तर देतील आणि चूक दडून राहील. नेमके ७५ हे वय घेताच ती उघडकीस येईल. सीमेवरील मूल्य तपासावे, हा धडा विद्यार्थी यातून सहज शिकतो. प्रत्यक्षात ही चूक राहिली असती, तर पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या वृद्धास वर्षभर सवलतीविना राहावे लागले असते.

खेळाचे स्वरूप

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात होजे मिगेल रोहास व गॉर्डन फ्रेझर यांनी या कल्पनेस खेळाचे रूप दिले व २०१६ मध्ये ते संशोधन-निबंधाद्वारे मांडले. पुढे जर्मनीतील पासाउ विद्यापीठात त्याचा विकास झाला आणि तेथील चाचणीविषयक अभ्यासक्रमात तो वापरण्यात आला.

खेळात दोन पक्ष असतात. दोघांसमोर जावा भाषेतील एकच आज्ञावली ठेवलेली असते. 'आक्रमक' तीत बारीक चुका पेरतात, तर 'रक्षक' त्या पकडणाऱ्या चाचण्या लिहितात. रक्षकाची चाचणी प्रथम मूळ आज्ञावलीवर उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतरच ती म्यूटंटांवर चालविली जाते. चाचणी बदललेल्या ओळीपर्यंत पोहोचली, तरी तिला चूक ओळखता आली नाही, तर आक्रमकास गुण मिळतात. बराच काळ तग धरलेला म्यूटंट पकडणाऱ्या रक्षकास अधिक गुण मिळतात. त्यामुळे ढोबळ चुका करून आक्रमकाचे भागत नाही व वरवरच्या चाचण्यांनी रक्षकाचेही भागत नाही.

एक अडचण मात्र उरते. वरील अटीऐवजी कोणी 'वय ७४ हून अधिक' असे लिहिले आणि वय पूर्ण वर्षांतच मोजले जात असेल, तर दोन्ही अटींचा अर्थ एकच होतो. असा 'समतुल्य' म्यूटंट कोणत्याही चाचणीस सापडणे शक्य नाही. रक्षकास तसा संशय आल्यास तो दावा करू शकतो. मग आक्रमकाने एक तर तो मान्य करावा, अथवा फरक दाखविणारी चाचणी स्वतः लिहून द्यावी. तर्कशुद्ध वादाचे हे उत्तम शिक्षण आहे.

उभारणीचे टप्पे

या खेळाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. विद्यार्थ्यांच्या संगणकावर ब्राउझरखेरीज काही लागत नाही. सर्व भार मध्यवर्ती सर्व्हरवर पडतो. सर्व्हरवर मुख्यतः तीन गोष्टी लागतात : जावा, खेळाची पाने पुरविणारा टॉमकॅट आणि खेळाडू, चाचण्या व गुण यांची नोंद ठेवणारा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा विदासंग्रह. यांखेरीज खेळाडूंच्या फाइली साठविण्यासाठी स्वतंत्र जागा नेमून द्यावी लागते.

हे सर्व घटक एकेक करून बसविता येतात. तथापि त्यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळवून घेण्याचे काम किचकट असते. त्यामुळे डॉकर या साधनाचा अवलंब करणे सोयीचे ठरते. त्यात आवश्यक घटक बंदिस्त पेटीप्रमाणे एकत्र मिळतात आणि सर्व्हरवरील इतर कामांपासून खेळ अलग राहतो.

हे अलगपण विशेष महत्त्वाचे आहे. सर्वसाधारण संकेतस्थळावर लोक मजकूर लिहितात. येथे ते आज्ञावली लिहितात आणि सर्व्हर ती प्रत्यक्ष चालवितो. एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून कधीही न संपणारे चक्र लिहिले गेले, तर संपूर्ण वर्गाचे काम अडेल. कोणी खोडसाळपणे सर्व्हरवरील फाइलींना हात घालण्याचाही प्रयत्न करील. खेळात यावर काही नियम व बंधने आहेतच. परंतु संस्थेनेही खबरदारी घ्यावयास हवी. ज्या सर्व्हरवर परीक्षेचे गुण वा वेतनपत्रके आहेत, त्यावर हा खेळ कदापि बसवू नये. त्यास मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे. आरंभीचे परवलीचे शब्द बदलावेत. शक्यतो तो संस्थेच्या अंतर्गत जाळ्यापुरताच खुला ठेवावा आणि विदासंग्रहाची प्रत नियमितपणे काढून ठेवावी.

भाराचाही अंदाज आधी घ्यावा. दहा आक्रमकांनी प्रत्येकी चार म्यूटंट व दहा रक्षकांनी प्रत्येकी पाच चाचण्या दिल्यास ४० म्यूटंट आणि ५० चाचण्या होतात. प्रत्येक चाचणी प्रत्येक म्यूटंटवर चालवावी लागली, तर ही संख्या २,००० वर जाते. पकडलेले म्यूटंट बाद होत असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी भरतो. तरीही तासाच्या अखेरीस सर्वांनी एकदम काम पाठविले की सर्व्हर मंदावतो. यास्तव वर्गात वापरण्यापूर्वी चार-पाच जणांनी रंगीत तालीम घ्यावी. तीत एक मूळ आज्ञावली, एक म्यूटंट, एक योग्य चाचणी आणि एक मुद्दाम चुकीची चाचणी देऊन चारही निकाल अपेक्षेप्रमाणे येतात का, हे पाहावे. चाचणी शिकविणारे साधन चाचणीविना वापरात आणणे योग्य नव्हे.

शिक्षकाची भूमिका

सर्व्हर उभा राहिला म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या खेळासाठी शिक्षकांनी लहान आणि ओळखीची आज्ञावली निवडावी. दोन्ही पक्षांत अनुभवी व नवखे विद्यार्थी विभागून द्यावेत आणि पुढील खेळात भूमिकांची अदलाबदल करावी. गुणफलकापेक्षा खेळानंतरची चर्चा अधिक मोलाची मानावी. शेवटपर्यंत न पकडलेला म्यूटंट फळ्यावर मांडून, तो कोणत्या चाचणीने सापडला असता, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

आपण केलेल्या कामात चूक असू शकते, हे गृहीत धरून ती स्वतः शोधण्याची सवय या खेळातून लागते. ही सवय केवळ संगणक-तज्ज्ञांच्याच नव्हे, तर नागरिकांच्या हक्कांशी संबंधित नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडणारी आहे. ज्या पंचायतीत वा कार्यालयात नवी संगणक-प्रणाली येईल, तेथील मंडळींनी 'चाचणी झाली का?' एवढेच विचारून थांबू नये. 'कोणत्या चुका पकडण्यासाठी चाचणी झाली?' असाही प्रश्न विचारावा. त्या एका प्रश्नाने पंचाहत्तरी गाठलेल्या एखाद्या वृद्धाचा हक्क वेळीच राखला जाऊ शकेल.